आतली कडी

दाराची कडी काढायला फार वेळ लागत नाही. स्क्रू गंजलेले नसतील तर चहाला उकळी फुटायच्या आत काम होतं. मी ते काम सगळ्या मुलांसमोर करायचो, मुद्दाम. मुलं हॉलमध्ये बसलेली, मी दाराशी गुडघे टेकून, आणि ती खोली ज्या दोघांची ते दोघे भिंतीला लागून उभे. कडी हातात आली की खिशात टाकायची आणि म्हणायचं, "आठवडाभर." बस्स. मी मुलांवर कधी हात उगारला नाही. त्याचा मला अभिमान होता, आणि मी तो चारचौघांत बोलूनही दाखवायचो.

हे चालायचं नाशिकला, सिडकोतल्या एका दुमजली घरात, नव्वदच्या दशकाच्या शेवटी. अठरा पूर्ण झाली की रिमांड होम मुलाला सोडून देतं. हातात कपड्यांची पिशवी, पाठीमागे बंद झालेलं फाटक. नातेवाईक असतील तर घरी, नसतील तर जिथून उचलला त्याच स्टेशनवर. अशा मुलांसाठी एका संस्थेने ते घर भाड्याने घेतलं होतं. मुलाने दोन-तीन वर्षं तिथे राहायचं, अंबडच्या नाहीतर सातपूरच्या कारखान्यात कामाला लागायचं, गॅस पेटवायला, भात शिजवायला, बँकेत सही करायला शिकायचं आणि मग स्वतःची भाड्याची खोली घेऊन निघायचं. मी तिथला व्यवस्थापक. वर मी आणि माझी बायको, खाली मुलं.

त्या घरात कुणी कुणाला नावाने हाक मारत नसे. जो जिथून आला ते त्याचं नाव. ही पद्धत मुलांनीच पाडलेली. मलाही ती सोयीची होती, आज लिहिताना तर फारच सोयीची आहे. मी सांगतोय ती गोष्ट मनमाड आणि पेठ या दोघांची.

मनमाड घरात आला तेव्हा एकोणीसचा असेल. मनमाड जंक्शनच्या फलाटावर वाढलेला. सोबत दोन वर्षांनी लहान असलेली बहीण. आई एका गाडीत चढली ती उतरलीच नाही, एवढंच त्याला माहीत. डबे झाडायचे, प्रवाशांनी टाकलेलं खायचं. झोपताना बहिणीच्या पायाला आपला पाय सुतळीने बांधायचा, कुणी तिला ओढलं तर आपल्याला जाग यावी म्हणून. एका दुपारी सुतळी ओढली गेली. ओढणाऱ्याचा गाल याने कानापासून ओठापर्यंत उघडला. त्यात हा रिमांड होमला गेला आणि बहीण शहरातल्या मुलींच्या संस्थेत.

पहिल्या दिवशी मी त्याला घराचे नियम सांगत होतो. हत्यार चालणार नाही, म्हणालो. त्याने तोंडात बोट घातलं, गालाच्या आतून ब्लेडचा अर्धा तुकडा काढला आणि लाळेसकट माझ्या तळहातावर ठेवला.

"हे एवढंच हाय," तो म्हणाला. "आता दात हायत, ते ठेवू का काढू?"

मुलं हसली. मीही हसलो. मग त्याला खोली दाखवली. दाराला आतून कडी होती. तो आत गेला, कडी लावली, काढली, पुन्हा लावली. बाहेरून एक मुलगा ओरडला, "ए मनमाड, कडी हाय ती, घंटा न्हाय!"  कडी मात्र वाजत राहिली.

तेव्हा मला कळलं की या घरात सगळ्यात मोलाची वस्तू ती आहे. गादी नाही, पंखा नाही, मटणाचा रविवारही नाही. या मुलांपैकी कुणी आयुष्यात आतून कडी लावून झोपलं नव्हतं. फलाटावर पोलिसांची काठी तळपायावर बसायची, थोराड पोरं पांघरुणात शिरायची, संस्थांमध्ये कडी बाहेरून असायची. मी नियम केला की ज्या दोघांची खोली, कडी उघडायचा हक्क त्या दोघांचाच. मीसुद्धा बाहेरून हाक मारीन, दार ढकलणार नाही. नियम चांगला होता. आजही मला तो चांगलाच वाटतो.

वाईट नियम दुसरा होता. तो मी गावाकडून आणला.

आमचं गाव विंचूरच्या बाजूला. वडील बैलांचे दर्दी. नवा गोऱ्हा कामाला लावायचा तर ते त्याला जुन्या, कसलेल्या बैलाबरोबर जुंपायचे. एकाच जुवाखाली दोघे. गोऱ्हा उधळला की जू जुन्याच्या मानेवर घासतं, तो आपोआप त्याला रेटून नांगराच्या तासात आणतो. माणसाला चाबूक उगारावा लागत नाही. मी हेच मुलांना लावलं. प्रत्येक नव्या मुलाला एक जुना जोडीदार. दोघांची एक खोली. नव्याने चूक केली, न सांगता गेला, कामाला दांडी मारली, दारू प्यायला, तर कडी दोघांची निघणार. संस्थेच्या बैठकीत मी हे जोडीचं तत्त्व म्हणून मांडलं, बैलांचं उदाहरण देऊन. अध्यक्ष म्हणाले, "वा! हे आपल्या मातीतलं आहे."

मातीतलं होतंच. पण मी बैठकीत अर्धंच सांगितलं होतं. मी लहान असताना आमच्या जुन्या बैलाने एका गोऱ्ह्याला जुवाखालीच शिंग घातलं होतं. गोऱ्हा दिवसभर ओढ घेत होता, जुन्याची मान सोलून निघाली होती, वडील विहिरीवर पाणी प्यायला गेले होते. बैलाने मान खाली घातली आणि उचलली, एवढंच. गोऱ्ह्याचं पोट फाटलं. आतडी धुळीत लोंबली आणि तो तशीच ओढत चालत राहिला, कारण जू होतं. वडिलांनी त्याला पाडला, मला त्याच्या डोक्यावर बसवलं आणि दाभणाने पोट शिवायला घेतलं. त्याचा डोळा माझ्या मांडीशी होता. संध्याकाळपर्यंत तो मेला. त्यानंतर वडील जोडी जुंपून कधी बाजूला गेले नाहीत. जुन्याने मान खाली घातली रे घातली की जुवाची शिवळ, ती मानेजवळची खुंटी, उपसून दोघांना मोकळं करायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. बैठकीत बोललो नाही, कारण ते बोललो असतो तर तत्त्व झालं नसतं.

पेठ दुसऱ्या वर्षी आला. पेठच्या पलीकडच्या डोंगरातला. आईबाप दरसाल द्राक्षाच्या छाटणीला खाली यायचे. एका हंगामात हा मागे राहिला आणि त्र्यंबकला एका खानावळीत लागला. मालकाने तापलेला झारा पाठीवर टेकवला होता, त्याची जाळी तशीच उमटलेली. तिथून सुटका, मग रिमांड होम, मग आमच्याकडे. बारीक, काळाभोर, कायम हसरा. तोवर त्याला आपलं घर सापडलेलं होतं, आईबापही होते. पण घरात खायला नव्हतं आणि त्याला लेथवर काम शिकायचं होतं. म्हणून तो आमच्यात.

मुलं त्याला चिडवायची, "पेठ, तुमच्या गावात लाईट आली का रे?"

"आली ना. पन तुमची तोंडं बघाया कोन लावल?"

मी त्याला मनमाडबरोबर जुंपला. आणि मनमाडला वर बोलावून एक गोष्ट सांगितली. त्याची बहीण दिवाळीनंतर संस्थेतून सुटणार होती. दर महिन्याच्या एका रविवारी तो तिला भेटायला जायचा, खिडकीच्या गजातून बोलायचा. ती बाहेर पडेल तेव्हा तिला नेण्यासाठी खोली हवी, हा एकच विषय त्याच्या डोक्यात. त्याने पंचवटीत एक खोली पाहूनही ठेवली होती. मी म्हणालो, "या पोराला दिवाळीपर्यंत वळणावर आण. तो टिकला की अनामत संस्था भरेल. खोली तुझी."

"आणि नाय टिकला तर?"

"तर पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी ती कुठं असंल, सर?"

 उत्तर न देणं हे माझं कसब आहे.

आषाढात पेठ न सांगता गेला. त्यांच्याकडे भाताची आवणी असते, चिखलात गुडघाभर उभं राहून रोपं लावायची. घरचा धट्टाकट्टा मुलगा आवणीला नाही म्हणजे घरात मयत झाल्यासारखंच. त्याला ती चूक वाटलीच नाही. परत आला तो पोटऱ्यांना वाळलेला चिखल आणि हातात नागलीच्या भाकरींचं गाठोडं घेऊन. सगळ्यांना वाटायला आणलेल्या. मी स्क्रूड्रायव्हर काढला.

कडी निघाली आणि मनमाड झोपेनासा झाला. उघड्या दाराला पाठ लावून बसून राहायचा. कारखान्यात डुलक्या घेतल्या म्हणून मुकादमाने कानाखाली वाजवली. त्या संध्याकाळी मी वरच्या गॅलरीत होतो. खाली मागच्या नळावर पेठ बादली भरत होता. मनमाड मागून आला, त्याचे केस धरले आणि तोंड बादलीच्या काठावर आपटलं. पुन्हा आपटलं. दाताचा टवका उडालेला मी वरून पाहिला. पेठ ओरडला नाही. नाकातून धार लागली, ती बादलीत पडली, पाणी गुलाबी झालं. मनमाडने ती बादली त्याच्याच डोक्यावर ओतली आणि म्हणाला, "आता जाशील?"

"नाय."

"माझ्या बहिणीची खोली हाय ती. कळलं का?"

"कळलं रे."

मी गॅलरीतून आत आलो. बायको कणीक मळत होती. तिने विचारलं, "काय झालं खाली?"

"काही नाही. मुलं आहेत."

दुसऱ्या दिवसापासून पेठ वेळेवर उठू लागला. कामावरून सरळ घरी. अध्यक्ष भेटीला आले तेव्हा त्याने उठून नमस्कार केला, सुजलेल्या ओठाने. "पडलो नळावर," तो आपणहून म्हणाला. अध्यक्षांनी माझी पाठ थोपटली.

आठवड्याने कडी परत बसली, आणि त्यानंतर ते खोलीत व्हायला लागलं, कडी लावून. चादर वेळेत धुतली नाही, मार. कारखान्यातला एकजण पेठला गुत्त्यावर घेऊन गेला, मार. पट्टा आधी हवेत वाजायचा, मग अंगावर. हवेतला आवाज कोरडा असतो, अंगावरचा ओला. एकदा पेठने उलटून मनमाडच्या मनगटाचा चावा घेतला, मांस लोंबेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे एकाच ताटात पोहे खात होते आणि मनमाड पट्टी बांधलेला हात दाखवून म्हणत होता, "कुत्रं पाळलंय सरांनी." पेठ हसत होता. बाकीची मुलं हसत होती. मला वाटलं, चाललंय, असंच असतं. मी खालून आवाज यायला लागला की रेडिओ मोठा करायचो. बायको एकदा म्हणाली, "अहो, बातम्या बहिऱ्यांसाठी लावल्यात का? तुमच्या बैलांचं काय चाललंय ते बघा." मी तिच्यावर खेकसलो. तेवढंच आमचं त्या वर्षातलं भांडण.

दसरा झाल्यावर पेठ माझ्याकडे आला. या वेळी विचारायला आला, हे महत्त्वाचं आहे.

"सर, भात पिवळा झालाय. बाजारात गावचा मानूस भेटला, तो बोलला. चार दिस जाऊन येतो."

"दिवाळीनंतर जा."

"दिवाळीपत्तुर पाखरं खातील ना, सर. पाखरांना कोन सांगल थांबा म्हनून?"

मी हसलो नाही. दोन दिवसांनी अध्यक्ष येणार होते, मनमाडच्या खोलीचं नक्की करायला. जोडी शाबूत दिसायला हवी होती. "नाही म्हणजे नाही," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. मनमाडला कारखान्यात कुणीतरी सांगितलं. तो सरळ बसस्टँडवर गेला, पेठच्या गाडीत चढला आणि याला केसांना धरून दारातून खाली ओढला. लोक मध्ये पडले तर म्हणाला, "भाऊ हाय माझा." रिक्षात घालून आणला. हॉलमध्ये दोघे उभे राहिले तेव्हा पेठचा सदरा गळ्यापासून फाटलेला होता आणि पायात एकच चप्पल.

घरात त्या वेळी मी, वर बायको आणि स्वयंपाकघरात दोन मुलं. मी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. मनमाड माझ्या हाताकडे बघत म्हणाला, "सर, कडी काढू नका. आणला ना मी त्याला परत? आणला ना?"

इथे मला शिवळ उपसता आली असती. दोघांना दोन खोल्या दिल्या असत्या. पेठला म्हणालो असतो, जा बाबा भात काप. मनमाडला म्हणालो असतो, तुझी खोली याच्यावर अवलंबून नाही. यातलं काहीच अवघड नव्हतं. त्याची मान खाली गेलेली मला दिसत होती, मी शेतकऱ्याचा मुलगा आहे.

मी म्हणालो, "उद्या अध्यक्षांना काय सांगू मी? खोलीचं आता कठीणच दिसतंय."

मनमाडने पेठला दंडाला धरून खोलीत नेलं. दार लागलं. कडी सरकली.

मी दाराशी जाऊन उभा राहिलो. पहिला आवाज पट्ट्याचा. मग खाट भिंतीवर आदळल्याचा. मनमाड प्रत्येक फटक्याला एकच शब्द म्हणत होता, "खोली, खोली." पेठ आधी त्याला हाक मारत होता, "भाऊ, नको ना रे, भाऊ." मग तो मला हाक मारू लागला. "सर." मी दारापासून हातभर अंतरावर. "सर! सर!" स्वयंपाकघरातली दोन मुलं येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. मी हात वर केला, दाराकडे नेला आणि थांबलो. मनात आलं, बाहेरून दार उघडायचं नाही हा नियम मीच केलाय. त्याच्या तळाशी दुसरं काहीतरी होतं, तेही आज लिहितो. मला वाटत होतं, एकदाच पुरतं होऊन जाऊ दे. म्हणजे हा परत जाणार नाही.

मग एक आवाज आला तो पट्ट्याचा नव्हता, बक्कलचा होता. नारळ फुटल्यासारखा नाही, त्याहून मऊ. त्यानंतर पेठचा आवाज माणसाचा राहिला नाही. आणि मग काहीच नाही.

कडी निघाली. मनमाड बाहेर आला. पट्टा हाताला गुंडाळलेला, बक्कल लोंबतंय, त्याला काहीतरी चिकटलेलं. तो मला म्हणाला, "आता नाय जाणार तो." शाबासकी मागावी तसं म्हणाला. आत पेठ खाटेखाली अर्धा सरकलेला होता, दोन्ही हातांनी चेहरा धरून. बोटांमधून रक्त आणि पाणी येत होतं. मी त्याचा हात बाजूला केला. डावा डोळा नव्हता. म्हणजे होता, पण डोळा म्हणावा असा नव्हता. उजवा माझ्याकडे बघत होता, माझ्या मांडीशी.

सरकारी दवाखान्यात त्याला भरती केलं. शुद्धीवर आल्यावर बँडेजच्या गोळ्यातून त्याने पहिलं मला विचारलं, "कडी काढली का, सर?" पोलिसांना त्याने सांगितलं, पडलो. मनमाडने सांगितलं, मी मारलं. राहिलो मी.

अध्यक्ष दवाखान्याच्या व्हरांड्यात मला बाजूला घेऊन म्हणाले, "घर टिकलं पाहिजे. बाकीच्या मुलांनी जायचं कुठे? तुम्ही त्या वेळी घरात नव्हतात. बरोबर ना?"

"बरोबर," मी म्हणालो.

घरी हे बायकोच्या कानावर गेलं. ती म्हणाली, "मग मीही नव्हते का घरात?" स्वयंपाकघरातल्या दोन मुलांना मी काही सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही. त्या घराबाहेर त्यांना फलाटच होता.

मी जबाब दिला. कोर्टातही तेच बोललो. मी बाजारात गेलो होतो. मुलगा मुळातच मारका होता. आम्ही वारंवार समज दिली होती. मारका हा शब्द आमच्याकडे बैलाला लावतात. मनमाड पिंजऱ्यात उभा राहून माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. वर्गात मास्तर गणित चुकवतोय आणि आपण बोलावं की नाही, असं मूल बघतं तसं. तो बोलला नाही. त्याला सक्तमजुरी झाली आणि तो नाशिकरोडच्या तुरुंगात गेला.

त्याआधी, अटक झाली त्याच आठवड्यात, बहिणीला सांगायला कुणीतरी जायला हवं होतं. मी गेलो. तीच खिडकी, तेच गज. ती नवा पंजाबी ड्रेस घालून आली होती, तिला वाटलं होतं खोलीचं सांगायला आलेत. मी तिला सांगितलं की तुझ्या भावाने एका गरीब पोराचा डोळा फोडला, काही कारण नसताना. ती गज धरून म्हणाली, "तो असा नाय. तो मला कधी..." मी म्हणालो, "बाळ, आम्हालाही तसंच वाटत होतं. मारका निघाला." ती तुरुंगात एकदाही त्याला भेटायला गेली नाही. ते माझं काम आहे, मी नीट केलेलं.

पेठ दवाखान्यातून परस्पर डोंगरात गेला. लेथवर एका डोळ्याने कुणी ठेवत नाही. दोन वर्षांनी त्याला भेटायला गेलो होतो. तो भाताच्या खाचरात होता, मला बघून वर आला. हातपाय न धुता समोर बसला आणि म्हणाला, "सर, तुमी चहा घ्या आनि जा. आई बघल तर कोयता काढल." मी चहा घेतला आणि आलो.

जोडीची पद्धत मी बंद केली, कुणाला कारण न सांगता. घर चाललं. कितीतरी मुलं त्या घरातून खोल्या घेऊन गेली, लग्नं केली, पत्रिका आणून दिल्या. हे खरं आहे आणि ते मी या सगळ्यावर पांघरूण म्हणून बरीच वर्षं वापरलं.

मनमाड मला पुन्हा दिसला तो लासलगावला, कांद्याच्या बाजारात. दोन हजारच्या दशकाची मधली वर्षं. मी गावी चाललो होतो. तो ट्रकवर गोण्या चढवत होता. केस अकाली पिकलेले, मान रुंद झालेली. मला त्याने आधी ओळखलं. गोणी टाकली, उडी मारून खाली आला, जवळ आला आणि काही न बोलता माझ्या कानशिलात दिली. डोळ्यांपुढे पांढरं झालं. मी पडलो नाही, म्हणून दुसरी दिली. तेव्हा पडलो, कांद्याच्या सालपटांत. हमाल धावले. तो त्यांना म्हणाला, "सर हायत आमचे. जुना हिशोब हाय, तुमी गोण्या बघा."

मग त्यानेच मला उठवून टपरीवर नेलं. चहा सांगितला. माझ्या दातातून रक्त येत होतं, चहा खारट लागत होता.

"त्या दिवशी बाजारात होतात म्हणं तुमी," तो म्हणाला.

मी कप खाली ठेवला.

"दाराखाली फट हाय त्या खोलीला. मला चपला दिसत होत्या तुमच्या. पहिल्यापासून." त्याने बशीत चहा ओतला. "मी दोनदा थांबलो, सर. म्हटलं, आता सर वाजवतील दार. चपला हालंनात. मग मला वाटलं, सर म्हणतेत चालू ठेव."

टपरीवाल्याचा स्टोव्ह फरफरत होता. मला वाटलं तो तिसरी देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

"तुला मी..." मी सुरुवात केली.

"मला नका सांगू. मला म्हायतीच हाय," तो म्हणाला. "तिला सांगा. ती पंचवटीत असते. शिवणकाम करते. मी दोनदा गेलतो, दारातून हाकललं. म्हणाली, आंधळं केलंस एकाला. केलंच ना मी. मी कुठं नाय म्हणतो. पण काही कारण नसताना म्हणाली ती. ते कुणी सांगितलं तिला?"

"मी."

"मंग जा."

मी त्या दिवशी गावी गेलो नाही. तरी तिच्या दारापर्यंत पोचायला मला आणखी महिना लागला, हेही लिहून ठेवतो. दुपारची वेळ होती. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. तिने दार उघडलं, ओळखलं, आत या म्हणाली नाही. गळ्यात टेप होती. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून सगळं सांगितलं. बैल, कडी, खोलीचं आमिष, रेडिओ, मी बोललेलं ते शेवटचं वाक्य, चपला. कोर्टातला जबाब. गजापाशी तिला जे सांगितलं तेही. मध्ये ती एकदाच बोलली.

"किती वेळ उभे होतात?"

"संपेपर्यंत."

तिने टेप गळ्यातून काढली आणि ती मुठीभोवती गुंडाळू लागली. मी त्या हाताकडे बघत होतो. तिने ती उलगडली, पुन्हा गुंडाळली.

"ती खोली मला नको होती," ती म्हणाली. "मी त्याला गजातून म्हटलं होतं, मला हॉस्टेल चालंल. तो ऐकायचा नाही." मग म्हणाली, "आणि त्या पोराचं काय? त्याच्याकडं गेलात का असं सगळं सांगायला?"

"गेलो होतो. सांगितलं नाही. चहा पिऊन आलो."

"जा परत."

"त्याची आई कोयता..."

"मग काढू दे की."

"जातो," मी म्हणालो. ती दाराला हात लावून थोडी थांबली.

"आणि माझ्या भावाला सांगा, जेवायला ये म्हणावं. रविवारी. राहायला नाही, जेवायला."

दार लागलं. आतून कडी सरकली. मशीन सुरू झालं नाही. मी बराच वेळ ऐकत तिथेच उभा होतो, मग माझं लक्ष खाली गेलं. त्या दाराखालीही फट होती आणि माझ्या चपला तिच्या अगदी समोर होत्या. मी बाजूला झालो. जिना उतरलो आणि पेठची गाडी किती वाजता आहे ते विचारायला स्टँडवर गेलो.